सात डॉलरची तक्रार, सहा हजारांचा हप्ता

टेक्सासमधल्या प्लेनोहून एक वाचक लिहितात : 'डे-केअरच्या नोकरीतून मला महिन्याला दोन चेक मिळतात. चेक ज्या बँकेचा, तिथेच जाऊन रोख घेते. माझं तिथे खातं नाही म्हणून दर वेळी 7 डॉलर कापतात. टेक्सासच्या कायद्यात हे बसत नाही म्हणे. तक्रार कुठे करू? त्या रोकडीवरच घर चालतं. मिस्टरांच्या पगारातून (वर्षाला 1,10,000) आययूएल पॉलिसीचे (शेअर बाजाराच्या निर्देशांकावर व्याज ठरणारा आयुर्विमा) महिना 500 जातात. त्यासाठी दोन वर्षं 401-के (नोकरीतून होणारी निवृत्तीची बचत) बंद ठेवलंय, कंपनी पगाराच्या 4 टक्के मॅच देते, म्हणजे आपण भरलं की तीही भर घालते, तरी. पॉलिसी आज मोडली तर 3,900 मिळतील.'

तक्रार करू नका. टेक्सासने 2001 मध्ये तसा कायदा केला होता, हे खरं. पण तो राष्ट्रीय सनदेच्या, म्हणजे केंद्र सरकारने परवाना दिलेल्या, बँकांना लागू होत नाही, असा निकाल फिफ्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने 2003 मध्ये दिला. फ्लोरिडाच्या अशाच कायद्याचं 2011 मध्ये तेच झालं. बँकेच्या नावापुढे 'एन. ए.' (नॅशनल असोसिएशन, राष्ट्रीय सनदेची खूण) असेल तर ऑस्टिनला, राज्य सरकारकडे, लिहिलेलं पत्र वाया. स्वतःच्या नावाने खातं उघडा, चेकचा फोटो काढून फोनवरूनच भरा. वर्षाचे 170 डॉलर वाचले. विषय संपला.

आता जे विचारलंच नाहीत ते. 1,10,000 चे 4 टक्के म्हणजे 4,400. कंपनी दरवर्षी देत होती, तुम्ही नको म्हणालात. दोन वर्षांचे 8,800 गेले, आणि ते कुणी परत देत नाही. वर पॉलिसीत 12,000 घातले, त्यातले 8,100 आज मोडल्यास बुडाले. आणि चिंता कशाची, तर सात डॉलरची!

'बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही' हे एजंटाचं लाडकं वाक्य. व्याज शून्याखाली जात नाही. विम्याचा खर्च आणि फी मात्र त्या वर्षीही कापली जाते, म्हणजे शिल्लक घटतेच. बाजार चढला तर कॅप (व्याजाची वरची मर्यादा) आडवी येते, लाभांश तर मोजतच नाहीत. एजंटाच्या तक्त्यातले 7 टक्के तीस वर्षं मिळत राहतील या आशेवर म्हातारपण टाकायचं नसतं.

401-के पुढच्याच पगारापासून सुरू करा, निदान मॅच मिळेल तितकं. मिस्टर पस्तिशीचे आणि निर्व्यसनी असतील तर पाच लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म विमा महिना 25-30 डॉलरच्या आसपास मिळतो. तो हातात आला की मगच आययूएल मोडा, आधी नाही. 8,100 गेले म्हणून आणखी दहा वर्षं हप्ते भरत बसण्यात अर्थ नाही.

राज्याकडे तक्रार करायचीच असेल तर या पॉलिसीची करा. बँकेच्या फीपर्यंत राज्याचा हात पोचत नसला, तरी विमा एजंटाचं लायसन्स टेक्सासच्या विमा खात्याच्याच हातात आहे. त्याने दाखवलेला छापील तक्ता आणि 401-के बंद करायला सांगितल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर तेही जोडा.