संगणकशास्त्रातून सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनाकडे वळता येतं का? तिथे प्राध्यापक होण्यापर्यंतचा रस्ता कसा असतो?

तुम्ही तपशिलात तीन गोष्टी विचारल्या आहेत. संगणकशास्त्रातली एम.एस्सी. आणि कंपनीतला डेटा सायन्सचा अनुभव एवढ्या शिदोरीवर या क्षेत्रात शिरता येईल का, पीएचडी कोणत्या विभागातून करावी, आणि वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसाला तिथे दुय्यम मानतात का. मी सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना जैवसंख्याशास्त्र, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं संख्याशास्त्र, शिकवते, पीएचडीला मार्गदर्शन करते आणि नेमणुकांच्या मुलाखती घेणाऱ्यांत बसते. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते सांगते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचीच धास्ती लोकांना जास्त असते. वैद्यकीय पदवीची अट नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण तरुणपणी क्षयरोग झाला आणि ते राहून गेलं. त्यांनी घरून अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे तेच लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या चाचणीत कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवण्याची योजना त्यांची होती. १९५० मध्ये रिचर्ड डॉल यांच्यासोबत त्यांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्यातला संबंध दाखवून दिला. आजही या क्षेत्रात गणितज्ञ, अर्थतज्ज्ञ, भूगोलतज्ज्ञ आणि संगणकातले लोक भरपूर आहेत.

दुय्यम स्थान वाट्याला येतं ते वेगळ्या कारणाने, आणि तेच मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं आहे. कोडिंग उत्तम, मशीन लर्निंगवर पकड चांगली, म्हणून एखादा हुशार तरुण प्रत्येक प्रकल्पात हवासा असतो. एकाला त्याच्याकडून मॉडेल हवं असतं, दुसऱ्याला आलेख, तिसऱ्याला गहाळ नोंदी भरून हव्या असतात. तो सगळ्यांना मदत करतो आणि प्रत्येक शोधनिबंधात त्याचं नाव लेखकांच्या यादीत मधे कुठेतरी येतं. काही वर्षांनी तो कायमच्या जागेसाठी अर्ज करतो. शोधनिबंधांची यादी लांबलचक असते, पण समितीतलं कोणीतरी विचारतं, ‘यातला तुमचा प्रश्न कोणता?’ आणि तिथे तो अडखळतो. आमच्याकडे पहिल्या लेखकाला काम प्रत्यक्ष केल्याचं श्रेय जातं आणि शेवटच्या लेखकाला ते उभं केल्याचं. मधल्या नावांना नेमणुकीच्या वेळी फार वजन नसतं. हे अन्यायकारक आहे असं मला मनापासून वाटतं आणि मी ते बैठकांमध्ये बोलतेही, पण तुम्ही अर्ज कराल तेव्हा बहुधा हाच निकष लागलेला असेल. म्हणून पहिल्या दिवसापासून आरोग्याचा एखादा प्रश्न स्वतःचा करा. पद्धती त्या प्रश्नाच्या ओढीने शिकल्या जातात.

प्रश्न स्वतःचा करायचा म्हणजे आधी तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं. साथरोगतज्ज्ञ मिगेल एर्नान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये डेटा सायन्सच्या कामाचे तीन भाग सांगितले: वर्णन, भाकीत आणि कार्यकारणभाव. किती बालकं कुपोषित आहेत, हे वर्णन. कोणतं बालक पुढच्या सहा महिन्यांत कुपोषित होण्याची शक्यता जास्त, हे भाकीत. पोषक आहार दिला तर कुपोषण किती घटेल, हा कार्यकारणभावाचा प्रश्न. कंपनीतून येणाऱ्यांचा हात भाकितावर बसलेला असतो आणि ते नकळत प्रत्येक प्रश्न भाकिताच्या साच्यात घालतात. सार्वजनिक आरोग्यात निर्णय घेणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं: आम्ही हे केलं तर काय होईल? मॉडेल कितीही अचूक असलं तरी ते याचं उत्तर आपोआप देत नाही.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण न्यूमोनियाचं आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला मृत्यूचा धोका जास्त हे सांगणारी मॉडेल्स बनवली. त्यातल्या एका मॉडेलने असा नियम शोधला की दमा असलेल्या रुग्णांना धोका कमी असतो. आकड्यांत ते खरंच तसं होतं, कारण दमा असलेला न्यूमोनियाचा रुग्ण आला की त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत आणि तिथल्या उपचारांमुळे तो वाचत असे. त्या मॉडेलवर विसंबून दम्याच्या रुग्णांना घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. त्या मॉडेल्समध्ये न्यूरल नेटवर्क या प्रकारच्या मॉडेलची अचूकता जास्त होती, पण त्याच्या आत असे आणखी किती नियम दडलेत हे दिसत नव्हतं, म्हणून ते रुग्णांवर वापरायचं नाही असं ठरलं. त्या कामात असलेले संगणकशास्त्रज्ञ रिच कारुआना यांनी हा किस्सा पुढे सविस्तर मांडला. ज्याला रुग्णालयात रुग्ण आल्यावर काय होतं हे ठाऊक आहे त्याला हा नियम पाहताक्षणी खटकतो. नुसता तक्ता पाहणाऱ्याला खटकत नाही.

दुसरं उदाहरण २०१९ चं, ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेलं. ज्यांना जादा देखभालीची गरज आहे असे रुग्ण निवडणारा एक अल्गोरिदम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरात होता. तो आजारपणाऐवजी पुढच्या काळातल्या उपचारखर्चाचं भाकीत करायचा, कारण खर्चाचे आकडे हाताशी होते. पण तितक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत होता, कारण उपचारांपर्यंत त्यांची पोचच कमी होती. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की ही विषमता दूर केली तर जादा मदत मिळणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. या कामात अवघड गणित फारसं नव्हतं. तक्त्यातला ‘खर्च’ हा रकाना आजारपणाच्या जागी ठेवला गेला आहे आणि ती अदलाबदल निर्दोष नाही, हे ओळखण्यात सगळं मोल होतं. या गटात डॉक्टरही होता आणि अर्थतज्ज्ञही. असं संशोधन तुम्हाला करता यावं असं मला वाटतं, म्हणून इतकं लांबवर सांगते आहे.

तेव्हा कोणताही डेटा हाती आला की तो कुठे, कोणी, कशासाठी नोंदवला हे शोधून काढायची सवय लावा. मृत्यूचं कारण कोण लिहितं, घरी वारलेल्या माणसाची नोंद कशी होते, तपासणीला कोण येतं आणि कोण येतच नाही. जमलं तर काही आठवडे नोंदी करणाऱ्या माणसांसोबत बसा. आरोग्यसेविका रजिस्टर कसं भरते ते पाहिलेला विद्यार्थी आणि न पाहिलेला विद्यार्थी यांच्या प्रबंधांतला फरक मला पहिल्या प्रकरणातच दिसतो.

तुमचा कंपनीतला अनुभव वाया जाणार नाही, उलट त्याची इथे टंचाई आहे. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत कळवता आलं नाही. कारण होतं एक्सेलचा जुना फाइल-प्रकार, ज्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. स्वच्छ, तपासता येणारा, दुसऱ्याला पुन्हा चालवता येणारा कोड लिहिणं, बदलांची नोंद ठेवणं, डेटा आत येतानाच चाचण्या लावणं, या तुमच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी कितीतरी संशोधनगटांत अजून नाहीत. केवळ याच कामासाठी रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर नावाची पदं अनेक विद्यापीठांत निघाली आहेत. तुम्हाला व्याख्यानं आणि अनुदानाच्या अर्जांपेक्षा प्रणाली उभ्या करण्यात आनंद वाटत असेल, तर तो रस्ता पूर्ण सन्मानाचा आहे आणि त्याला नेहमी पीएचडी लागत नाही. प्राध्यापक होऊन स्वतःचा गट चालवायचा असेल तर मात्र लागते.

शिकायला काय हवं? संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा पाया पक्का करा, मग साथरोगशास्त्राची मूळ चौकट, कार्यकारणभावाची अनुमानपद्धती, जगण्याच्या कालावधीचं विश्लेषण, गहाळ नोंदी आणि नमुना-सर्वेक्षणातले भार, म्हणजे नमुन्यातला प्रत्येक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने मोजायचा ते आकडे. पायथन तुम्हाला येतच असेल. आर ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिकून घ्या, कारण आमचे बरेच सहकारी त्यात लिहितात. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, ओळख असू द्या. त्याची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली असली तरी जुना बराचसा डेटा दहाव्या आवृत्तीत आहे, आणि एका आवृत्तीतून दुसरीत जाताना आकडेवारीत अचानक पायऱ्या दिसतात. त्या पायरीला साथ समजणारे निबंध माझ्याकडे तपासायला आलेले आहेत.

आता विभागाचं. जैवसंख्याशास्त्रात गणित जास्त आणि तिथली पदवी सगळीकडे चालते. साथरोगशास्त्रात प्रश्न घडवण्याचं शिक्षण उत्तम मिळतं. वैद्यकीय माहितीशास्त्रात रुग्णालयांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींशी थेट संबंध येतो. संगणकशास्त्राच्या विभागात राहूनही आरोग्यावर काम करता येतं, पण तिथे परिषदांमधले निबंध मोजतात आणि सार्वजनिक आरोग्यात नियतकालिकांतले. दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्याला दोन वेगवेगळ्या परीक्षकांना खूश ठेवावं लागतं, म्हणून पुढे नोकरी कोणत्या प्रकारच्या विभागात हवी हे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास तरी ठरवा. माझं मत विचाराल तर विभागापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्याच्याकडे कोणता डेटा आधीच आहे आणि तो वापरण्याची नैतिक परवानगी मिळालेली आहे का, हे विचारायला लाजू नका. आरोग्याचा डेटा मिळवण्यात पीएचडीचं एक सबंध वर्ष सहज जातं. त्याचे जुने विद्यार्थी पहिले लेखक म्हणून किती वेळा छापले गेले आणि आज कुठे आहेत हेही पाहा.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि स्कँडिनेव्हियातले देश इथे पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. अमेरिकेत विद्यावेतन मिळतं, पण कालावधी लांबतो. त्यानंतर साधारण दोन ते चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या अनेक विद्यालयांत प्राध्यापकाच्या पगाराचा मोठा हिस्सा त्याने स्वतः मिळवलेल्या अनुदानांतून येतो, ही गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. नोकरी स्वीकारण्यापूर्वी पगाराचा किती भाग विद्यापीठ देणार आणि किती वर्षं, हे लेखी विचारा. तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संशोधनसंस्थेचं के९९/आर०० हे अनुदान पोस्टडॉक ते प्राध्यापक हा टप्पा ओलांडायला मदत करतं आणि त्याला नागरिकत्वाची अट नाही. युरोपात मारी क्युरी पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्तीही सर्व देशांच्या लोकांसाठी खुली असते. पगार कंपनीपेक्षा कमी असेल, बराच कमी. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या.

तुम्ही ‘आज काय सुरू करू?’ असंही विचारलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झामिनेशन सर्व्हेचा डेटा कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. त्यात लोकांच्या मुलाखती आहेत आणि शारीरिक तपासणीची मोजमापंही आहेत. उदाहरणार्थ, ज्यांचा रक्तदाब तपासणीत जास्त निघाला त्यांच्यापैकी कितीजणांना ‘तुम्हाला रक्तदाब आहे’ असं पूर्वी कोणी सांगितलेलंच नव्हतं, आणि ते लोक कोण आहेत, एवढा एकच वर्णनाचा प्रश्न घ्या. सर्वेक्षणाचे भार नीट वापरा, उत्तरासोबत अनिश्चितता द्या, कोड खुला ठेवा आणि चार पानांत लिहून काढा. मग ज्या मार्गदर्शकाकडे जायचं आहे त्याचे दोन-तीन निबंध खरोखर वाचून त्याला छोटी ईमेल लिहा: मला हा प्रश्न का पडला, मी काय केलं, या डेटातून काय कळू शकत नाही, आणि तुमच्याकडच्या कोणत्या कामात मला तो पुढे नेता येईल. माझ्याकडे येणाऱ्या ढीगभर ईमेलमध्ये ‘काय कळू शकत नाही’ हे लिहिणारी ईमेल क्वचित असते, आणि तिला मी त्याच दिवशी उत्तर देते.