समेवर कात्री : चित्रपट-संगीताच्या संकलनाविषयी वाचकांचे प्रश्न

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावच्या भजनी मंडळात तबला वाजवतो. सिनेमात 'म्युझिक एडिटर' असतो म्हणतात. त्याला चाली बांधाव्या लागतात का?
— एक वाचक, खानापूर

नाही. चाल आणि पार्श्वसंगीत संगीतकाराचं. ते चित्राला बरोबर बसलं आहे ना, हे पाहणं म्युझिक एडिटरचं काम. दिग्दर्शक, संगीतकार आणि संकलक एकत्र बसून चित्रपट पाहतात, तेव्हा संगीत कुठे सुरू होणार आणि कुठे थांबणार याची नोंद तो करतो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो; '३एम२' म्हणजे तिसऱ्या रिळातला दुसरा तुकडा. संगीत तयार होईपर्यंत संकलकाला तात्पुरतं संगीत लावून देतो. मग खरी कसोटी येते. संगीत ध्वनिमुद्रित झाल्यावर दिग्दर्शक प्रसंगातून ११ सेकंद काढतो, आणि ते संगीत कापलंय असं न वाटता तेवढंच आखडावं लागतं.

आपल्याकडे श्रेयनामावलीत हे पद स्वतंत्रपणे फार कमी दिसतं. हे काम बहुतेकदा संगीतकाराचा सहायक, संगणकावर संगीत बांधणारा प्रोग्रॅमर किंवा साउंड एडिटर करतो. म्हणून काम मागताना 'म्युझिक एडिटरची जागा आहे का' असं विचारून थांबू नका. या तिन्ही नावांनी विचारा. तबल्याची सवय सोडू नका. ती इथे थेट उपयोगी पडते. कशी, ते पुढच्या उत्तरात.

भजनाचं ४ मिनिटं १० सेकंदांचं ध्वनिमुद्रण दीड मिनिटावर आणायचा सराव करतोय. सांधा ऐकू येतो. क्रॉसफेड (एक आवाज विरतो तोवर दुसरा चढतो तो सांधा) लांबवला तर आणखी बिघडतं. चूक कुठे होतेय?
— निपाणी

बहुतेक तुम्ही सेकंद मोजून कापताय. कापायचं ते आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक पूर्ण फेरा, मोजून. भजनी ठेका ८ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक आवर्तन ४ सेकंदांचं होतं. तुम्हाला १६० सेकंद काढायचे आहेत, म्हणजे ४० आवर्तनं. आधी पूर्ण गाण्यात प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, खूण करा, मग पूर्ण आवर्तनंच उचला. काप समेच्या ठोक्यावर नको, ठोक्याच्या ५-१० मिलिसेकंद आधी घ्या. म्हणजे ठोक्याचा पहिला आघात शाबूत राहतो आणि कान तिकडेच जातो.

क्रॉसफेड लांबवल्यावर बिघडतं, कारण दोन्ही बाजूंचे तबल्याचे ठोके थोड्या अंतराने एकदम वाजतात. ठोक्यापाशी ५-१० मिलिसेकंद पुरतात. पेटी, बासरी, तानपुरा अशा लांबणाऱ्या स्वरांना ५० ते २०० मिलिसेकंद लागतात. म्हणूनच वाद्यांचे ट्रॅक वेगळे मिळाले तर जरूर मागून घ्या; तबला एकीकडे आणि पेटी दुसरीकडे कापता येते. दोन्ही बाजूंचा ध्वनी वेगवेगळा असेल तर 'इक्वल पॉवर' फेड घ्या, नाहीतर मध्ये आवाज खचतो. दोन्हीकडे तोच ध्वनी असेल तर 'इक्वल गेन', नाहीतर मध्येच फुगतो.

आणखी तीन गोष्टी हमखास नडतात. पहिली, घुमारा. कापलेल्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाचा नाद अचानक तुटतो. मूळ ध्वनिमुद्रणातली ती शेपटी वेगळ्या ट्रॅकवर ठेवून हळूहळू विरू द्या. दुसरी, लय. भजन सुरू होतं ९० ला आणि संपतं ११० ला. पहिलं कडवं शेवटच्याला जोडलं तर लय उडी मारते. संगणकावर २-३ टक्के ताणलं तर सहसा कळत नाही. त्याहून जास्त ताणलं की टाळांचा आवाज चरचरीत होतो. त्यापेक्षा तिहाई (तीनदा वाजणारा तोच तुकडा) संपून क्षणभर शांतता येते, तिथे जोडा. तिसरी, शब्द. मराठीत काय, कानडीत काय, क्रियापद सहसा शेवटी येतं. सम अचूक साधली आणि क्रियापद गेलं, तर ओळ लोंबकळत राहते. आपल्या भागातल्या मुलांना दोन्ही भाषांतलं हे आपोआप कळतं. हे भांडवल छोटं समजू नका.

४० मिनिटांच्या लघुपटाचं संगीत बसवून पाठवलं. शेवटी ते साधारण अडीच सेकंद आधीच संपतं. माझ्याकडे तर अचूक होतं.
— टिळकवाडी, बेळगाव

चित्र सेकंदाला २३.९७६ चौकटींचं (फ्रेमचं) असावं आणि तुमच्याकडे ते २४ ने चालत असावं. फरक हजारात एकाचा, पण ४० मिनिटांत २.४ सेकंदांचा होतो. २४ आणि २५ चा घोळ असता तर चूक ९६ सेकंदांवर गेली असती. स्वरही चढला असेल तर संशय वेगळा : ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने) फाइल ४८ च्या सेशनमध्ये न बदलता टाकली की पेटीच्या पांढरी एकचा षड्ज (सा) काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये जातो.

पुढच्या वेळी काम घेण्याआधी संकलकाकडून दोन आकडे लेखी घ्या : चौकटींचा वेग आणि सॅम्पल रेट (चित्रपटाला सहसा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट). पहिल्या चौकटीच्या बरोबर २ सेकंद आधी एका चौकटीचा १ किलोहर्ट्झचा 'पॉप', म्हणजे खुणेचा क्षणिक आवाज, टाका आणि शेवटीही तसाच एक. सुरुवात जुळते पण शेवट जुळत नाही, हे मग मिनिटभरात कळतं.

कोणता संगणक, कोणतं सॉफ्टवेअर?
— गोकाक

१६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप पुरे. लाईट गेली तरी काम वाचतं. दर ५ मिनिटांनी आपोआप सेव्ह लावा. सांध्यातली टकटक ऐकायला कान झाकणारे हेडफोन घ्या, पण शेवटचा निर्णय स्पीकरवर. रीपर हे ध्वनिसंकलनाचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं. दाविंची रिझॉल्व्ह या चित्रसंकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत फेअरलाइट हा ध्वनीचा विभाग आहे. मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स चालतं. त्याची इंट्रो आवृत्ती मोफत आहे आणि ८ ऑडिओ ट्रॅक देते. हात बसवायला तेवढं भागतं.

शिकायला आणि कामाला मुंबई की बेंगळुरू? पैशांचं कसं ठरवायचं?
— चिकोडी

पदवी झाली असेल तर पुण्याची एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था या चित्रपट-शिक्षणसंस्थांत ध्वनीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कामासाठी एकाच दिशेला पाहू नका. मराठीला कोल्हापूर-पुणे-मुंबई, कानडीला बेंगळुरू. बेळगाव त्याच महामार्गावर मधोमध आहे. एकच गाणं दोन भाषांत बसवायचं असतं, तेव्हा दोन्ही समजणारा माणूस हवा असतो. नमुना म्हणून दीड मिनिटाचे तीन सांधे पाठवा, आधीचं आणि नंतरचं. आपल्याच मंडळाचं भजन त्यांच्या परवानगीने घ्या, म्हणजे हक्काचा प्रश्न येत नाही.

दर ठरवताना चित्राचे किती फेरबदल त्यात धरलेत ते लिहून घ्या. दोन धरावेत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. क्यू शीटचं कामही दरात दाखवा : प्रत्येक तुकड्याचं नाव, संगीतकार, गीतकार, प्रकाशक, पडद्यावर गातात की पार्श्वभूमीला, आणि मिनिट-सेकंदांत लांबी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला आहे. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएससारखी संस्था पैसे वाटते तेव्हा अशाच नोंदींचा आधार असतो. इथे नाव चुकलं तर ज्याने गाणं लिहिलं त्याच्या हातात काहीच पडत नाही. म्हणून कन्नड नावांचं स्पेलिंग त्या व्यक्तीकडूनच तपासून घ्या.