मित्र वाईट, एवढ्यावर भागणार नाही

पत्र : मी 27 वर्षांची, सांगलीत विश्रामबागला राहते. धाकटा भाऊ 24 चा, पोलीस भरतीची तयारी करतोय. गेल्या आठवड्यात त्याच्या जिमच्या बॅगेत सुया आणि इंजेक्शनची बाटली सापडली. वर मेफेंटरमाइन लिहिलंय. विचारलं तर म्हणाला, "पळायला दम येतो, सगळेच घेतात." रात्र-रात्र झोपत नाही, काही बोललं की अंगावर येतो. आई त्याच्या मित्रांना शिव्या देते. पप्पा म्हणतात, वेळीच चार फटके द्यायला हवे होते. डॉक्टरकडे न्यावं तर पोलीस केस होऊन भरती हातची जाईल असं वाटतं. आमचं कुठे चुकलं?

उत्तर : अगं, आधी ती भीती काढून टाक. उपचाराला गेलं म्हणून पोलीस केस होत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. भरतीची खरी काळजी असेल तर त्याच्या हृदयाची कर. भूल दिल्यावर घसरलेलं बीपी वर आणायला हे औषध ऑपरेशन थिएटरमध्ये देतात. धडधाकट पोराने ते टोचून घेतलं की ठोके वाढतात, थकवा असूनही कळत नाही, आणि तसाच तो ग्राउंडवर पळत राहतो. झोप उडणं, चिडणं, संशय घेणं ही त्याचीच लक्षणं.

आता चुकलं कुठे. संगत हे कारण आहेच, पण अर्धं. तो याच सुईकडे का वळला, हे बघ. 1600 मीटरला शारीरिक चाचणीच्या 50 पैकी 20 गुण, आणि ते सगळे हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांत पळायचं. खुल्या गटाला वयाची अट 28. दरवर्षी जाहिरात निघेलच असं नाही. घरात, माझा अंदाज आहे, भरती झालेल्या एखाद्या चुलतभावाचं नाव रोज निघत असणार. अशा वेळी ग्राउंडवरचा कुणी म्हणाला, "एक मारून बघ," तर पोरगं बघतंच. हॉस्टेलवर एकटा पडलेला गांजाकडे वळतो, कंपनीत रात्रपाळी करणारा गोळ्यांकडे. ज्याची जी नड, त्याची ती नशा.

शिवाय चिठ्ठीशिवाय बाटली विकणारा कुणीतरी आहेच की! त्याला घरातले फटके लागत नाहीत. आणि हे पुण्या-मुंबईचं खूळ म्हणून आपण किती दिवस हात झटकणार? फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडमधून एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा साठा पकडला. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ कार्व्याच्या एमआयडीसीत एमडीचा कारखानाच सापडला.

या आठवड्यात त्याला सिव्हिलला किंवा मिरजेच्या सरकारी हॉस्पिटलला ने. ईसीजी, बीपी आणि मानसोपचार तज्ज्ञ, तिन्ही. सुई कुणाबरोबर वाटून घेतली का, हे तू एकटीने विचार, पप्पांसमोर नको. घेतली असेल तर एचआयव्ही आणि काविळीच्या (बी, सी) तपासण्या करायच्या. इंजेक्शन बंद झालं की काही दिवस तो गळून जाईल, नुसता झोपेल, उदास होईल. त्याला आळशी म्हणू नका. जगणंच नको झाल्यासारखं बोलू लागला तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. मन मोकळं करायला 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446 हे सरकारी फुकट नंबर आहेत. घरातून उचलून नेतो म्हणणाऱ्या केंद्रांच्या नादी मात्र लागू नका.

धावणं कायमचं सोडू नको म्हणावं, पण ईसीजी बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत ग्राउंड नको. वेळ थोडी मागे येईल, येऊ दे. मेडिकलवाल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे तू कर, भावाचं नाव न घालता. पप्पांना एवढंच सांग की तो चुलतभाऊ निदान दोन महिने जेवणाच्या ताटावर आणायचा नाही.