बेळगावहून खानापूरला बदली झाली की पगार का घटतो?

प्रश्न केंद्राच्या नोकरीचा (पोस्ट, रेल्वे वगैरे) धरून सांगतो. मूळ पगार घटत नाही, घटतो तो घरभाडे भत्ता.

उदाहरण घ्या: पूर्वीचा २४०० ग्रेड पे (पदाच्या श्रेणीचा जुना आकडा) म्हणजे सातव्या वेतन आयोगाची लेव्हल ४ (पगाराची श्रेणी), मूळ पगाराची सुरुवात २५,५००. वर्षाला साधारण ३ टक्के वाढ, म्हणजे पुढच्या वर्षी २६,३००. हा आकडा दिल्लीत, निपाणीत सारखाच. महागाई भत्ताही देशभर एकच.

घरभाडे भत्त्यासाठी मात्र शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. पुणे एक्स, बेळगाव वाय (कोल्हापूरही वायच, त्यामुळे तिकडे जाऊन फायदा शून्य), खानापूर झेड. २५,५०० वर बेळगावात ५,१०० मिळतात, खानापुरात २,५५०.

लोक इथेच फसतात. दर नेमणुकीच्या गावावर ठरतो, राहत्या घरावर नाही. बेळगावच्या टिळकवाडीत भाडं भरून रोज सकाळी खानापूरची बस पकडलीत तरी हातात झेडचाच दर! क्वार्टर मिळालं तर तेवढंही नाही.

प्रवास भत्त्यात मात्र फरक पडत नाही. जास्तीचा दर पुणे-बेंगळुरूसारख्या मोजक्या शहरांनाच आहे, बेळगाव त्यात नाही. दोन्हीकडे १,८०० आणि त्यावर महागाई भत्ता.

कर्नाटक सरकारच्या नोकरांचं कोष्टक निराळं. १ ऑगस्ट २०२४ पासून त्यांचा किमान मूळ पगार २७,००० आहे. शेजारच्या मास्तरांच्या पगारपत्रकाशी आपलं ताडून बघू नका.