पाच हजारांच्या आतली चोरी : नवा कायदा भावाच्या कामी येईल का?

प्रश्न : ऑगस्ट २०२२ मध्ये माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. मैदानाच्या कडेला ठेवलेल्या बॅगेतून त्याने दुसऱ्या मुलाचा मोबाइल उचलला. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्याला पकडले आणि मोबाइल जप्त केला. पुढे तो मालकाला परतही मिळाला. कागदपत्रांत किंमत ४,२०० रुपये लिहिली आहे. भाऊ अकरा दिवस कोठडीत होता, मग जामिनावर सुटला. याआधी त्याच्यावर एकही गुन्हा नव्हता. गेल्या आठवड्यात न्यायदंडाधिकाऱ्यांनी जुन्या भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) कलम ३७९ खाली त्याला सहा महिने साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड सुनावला. अपिलासाठी शिक्षा महिनाभर स्थगित आहे. नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीला तुरुंग नाही, समाजसेवा आहे, असे वाचले. मग माझ्या भावालाच तुरुंग का? ही सुधारणा नुसती कागदावरची आहे का? आणि त्याच्या नोकरीचे काय होणार?

उत्तर : ताई, आधी तारखेचे बोलते, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. निकालापासून तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील दाखल व्हायला हवे. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात जाणारे दिवस मुदतीतून वजा होतात, पण त्या भरवशावर राहू नका. शिक्षेची स्थगिती फक्त महिनाभराची आहे. अपिलासोबतच शिक्षा पुढे स्थगित ठेवण्याचा आणि जामिनाचा अर्ज द्या. ‘अपील केले तर शिक्षा वाढेल’ अशी भीती कोणी घातली असेल तर ती मनातून काढून टाका. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात न्यायालयाला शिक्षा वाढवता येत नाही.

आता नवा कायदा. तुम्ही वाचलेत ते बरोबर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. पण ही संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, आणि तुमच्या भावाचा गुन्हा त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधीचा. संहितेच्या कलम ३५८ ने जुन्या गुन्ह्यांची जुनी शिक्षा कायम ठेवली आहे. खटला कलम ३७९ खाली चालला आणि शिक्षाही त्याच कलमाची झाली, ती यामुळे.

तरी दार पूर्ण बंद नाही. संविधानाचे कलम २०(१) गुन्ह्यानंतर वाढवलेली शिक्षा मागे जाऊन लावायला मनाई करते, सौम्य केलेल्या शिक्षेचा लाभ द्यायला नाही. रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सोळा वर्षांच्या मुलाला अशा कायद्याचा लाभ खुला केला, जो त्याला शिक्षा झाल्यानंतर त्या भागात लागू झाला होता. १९८२ च्या टी. बराई प्रकरणातही शिक्षा कमी करणाऱ्या दुरुस्तीचा फायदा आरोपीला मिळाला. तुमच्या वकिलांनी हा मुद्दा अपिलात जरूर घ्यावा, पण पर्यायी मुद्दा म्हणून. कलम ३५८ ची भाषा स्पष्ट आहे आणि सरकारी वकील त्यावरच बोट ठेवतील. सगळा डाव यावर लावू नये, असे माझे मत आहे.

कारण याहून चांगले दोन मार्ग जुन्याच कायद्यात आहेत. पहिला तर तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही, म्हणजे बहुधा तुम्हाला कोणी तो सांगितलाच नाही. कलम ३७९ ची चोरी तडजोडपात्र आहे. चोरीला गेलेल्या वस्तूचा मालक ती मिटवू शकतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये तशी तरतूद आहे, आणि दोषी ठरल्यावर अपील चालू असतानाही अपील न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. परिणाम थेट निर्दोष सुटल्याइतका. ज्या मुलाचा मोबाइल होता त्याला तो परत मिळाला आहे, तीन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याच्या मनात आता किती राग उरला आहे हे विचारून पाहायला हवे. मात्र भावाने परस्पर त्याच्या घरी जाऊ नये. कोणाकरवी दबाव आणू नये, पैशांची भाषा तर अजिबात नको. वकिलांमार्फत निरोप द्या, भावाची माफी लेखी द्या, आणि तो नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे हे मान्य करा.

दुसरा मार्ग १९५८ चा गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, ज्याला कोर्टात सगळे प्रोबेशन म्हणतात. त्याच्या कलम ३ मध्ये भादंवि ३७९ चे नावच घेतलेले आहे : आधी दोषी न ठरलेल्या माणसाला समज देऊन सोडता येते. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, हवे तर प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येते. अपिलातही हा लाभ देता येतो, कलम ११ तसे स्पष्ट म्हणते.

आता निकालपत्राचे शेवटचे पान उघडा. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबाबत आरोपीला ऐकून घेणे न्यायालयावर बंधनकारक आहे. तिथे काय लिहिले आहे? असे निकाल मी रोज वाचते. बहुतेक वेळा दोनच वाक्ये असतात : ‘आरोपीने दया दाखवण्याची विनंती केली. गुन्ह्याचे स्वरूप पाहता प्रोबेशनचा लाभ देणे उचित वाटत नाही.’ तुमच्याकडेही एवढेच असेल तर तो अपिलाचा कणखर मुद्दा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६१ सांगते की जिथे प्रोबेशन देता आले असते तिथे ते नाकारताना विशेष कारणे नोंदवलीच पाहिजेत. ‘गुन्ह्याचे स्वरूप’ हे विशेष कारण नव्हे, ते तर प्रत्येक चोरीला लागू पडेल. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, माल परत मिळालेला, पूर्वीची एकही नोंद नाही, नंतर काही केले नाही, यातले काहीच त्या परिच्छेदात नसेल, तर न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना या मुलाकडे पाहिलेच नाही, असे ठामपणे मांडता येते. सत्र न्यायालयाला प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याची विनंती करा आणि भावाचे शिक्षणाचे दाखले, कामाचे पत्र सोबत लावा. प्रक्रियेचा कायदाही आता बदलला आहे (नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), त्यामुळे वकिलांनी जुने आणि नवे दोन्ही कलम क्रमांक लिहिलेले बरे. कलम ३६१ चे आता ४०२ झाले आहे, ३२० चे ३५९.

एक गोष्ट सांगताना मला वाईट वाटते. प्रोबेशनच्या अधिनियमाच्या कलम ६ मध्ये एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवण्यावर खास बंधन आहे. पण वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे, शिक्षा सुनावण्याच्या दिवशीचे, असे रामजी मिसर प्रकरणात १९६२ सालीच ठरले आहे. खटला वेळेत संपला असता तर तुमचा भाऊ या संरक्षणात बसला असता. तारखांवर तारखा पडल्या आणि त्याचे वय निघून गेले. अपिलात हेही सांगा. कायद्याचा हक्क म्हणून नाही, तर शिक्षा ठरवताना विचारात घ्यायची परिस्थिती म्हणून.

सुधारणा कागदावरचीच का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तुरुंगाबाहेरची शिक्षा संहितेत आली हे मला मनापासून हवे होते. पण ती मोजक्या सहा गुन्ह्यांपुरती आली. सेवा किमान किती तास, कमाल किती, हे संहिता सांगत नाही. आणि कुंपण किती अरुंद आहे पाहा : तोच ४,२०० चा मोबाइल बसच्या सीटवरून उचलला असता तर आजच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद, हातातून हिसकावला असता तर कलम ३०४ खाली तीन वर्षांपर्यंत, आणि दोन्हीकडे सामुदायिक सेवेचा पर्यायच नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी सरकारने नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्ये आणि नंतर माधव मेनन समितीने शिक्षा ठरवण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे हवीत असे सांगितले होते. ती नव्या संहितेतही आली नाहीत. साध्या चोरीला नुसत्या दंडापासून तीन वर्षांपर्यंत काहीही, आणि मधल्या एवढ्या मोठ्या जागेत न्यायाधीशाने कशाच्या आधारे थांबायचे हे कुठे लिहिलेले नाही. म्हणून कोणत्याही शिक्षा-सुधारणेचे मोल मी निकालाच्या त्या शेवटच्या पानावर करते. तिथली दोन वाक्ये दोन पाने होत नाहीत, तोवर राजपत्रात काय छापले याने तुमच्या भावासारख्या मुलांना फरक पडत नाही. प्रोबेशनचा कायदा साठ वर्षांहून जुना आहे आणि आजही तो मागावा लागतो, आपणहून मिळत नाही.

अपील फेटाळले गेलेच, तर कोठडीतले अकरा दिवस कैदेतून वजा होतील. आदेशात तसा उल्लेख आहे ना, एवढे पाहून घ्या.

नोकरीबद्दल. तडजोड झाली तर निर्दोष सुटल्याचा परिणाम मिळेल. प्रोबेशन मिळाले तर दोष पुसला जात नाही, पण प्रोबेशनच्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोन्ही परिस्थितींत भरतीच्या अर्जात ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असे विचारले असेल तर खरे तेच लिहायचे. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने माहिती लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते असे सांगितले आहे. कोवळ्या वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे मालकाने समजूतदारपणे पाहावे, याला त्याच निकालात जागा ठेवली आहे. अर्जासोबत अपिलाच्या आदेशाची प्रत जोडा. आणि नक्कल अजून मागितली नसेल तर अर्ज उद्याच द्या. शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत विनामूल्य मिळते.