प्रश्न तुमचे : कॅप्टन बीफहार्ट ऐकायचा कसा?

गेल्या अंकात डॉन व्हॅन व्लीट ऊर्फ कॅप्टन बीफहार्ट (१९४१–२०१०) या अमेरिकन रॉक संगीतकारावर छोटं टिपण छापलं होतं. त्याचा आवाज, त्याचा लहरीपणा आणि १९८२ नंतर संगीत सोडून चित्रं काढत बसणं, एवढंच त्यात होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथं घेतली आहेत.

प्रश्न : टिपण वाचून बीफहार्टची 'ट्राउट मास्क रेप्लिका' ही ध्वनिमुद्रिका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावली. तिसऱ्या गाण्याला आतून विचारणा झाली, मांडणी पडली काय? यात नेमकं ऐकायचं काय? (राजारामपुरी)

उत्तर : निम्मा घोटाळा स्पीकरचा आहे. या ध्वनिमुद्रिकेत दोन गिटार दोन बाजूंना ठेवल्यात, एक डाव्या कानाला, दुसरी उजव्या. दोघी वेगवेगळं वाजवतात. एकाच डब्यातून दोन्ही आले की चिखल होतो. वायरचा इअरफोन घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर बंद करा. कित्येकांच्या फोनवर ते कधीतरी चुकून चालू झालेलं असतं.

आता 'फ्राउनलँड' हे पहिलंच गाणं लावा. दोन मिनिटांचंही नाही, त्यामुळं चार वेळा ऐकायला जड जाणार नाही. पहिल्यांदा फक्त डावा कान, मग फक्त उजवा. तिसऱ्या खेपेला दोन्ही लावून लक्ष ड्रमवर ठेवा. शेवटी गाणं. गायकाकडं आधी लक्ष द्यायचंच नाही, कारण तो तालात बसलेला नाही आणि त्याला कारण आहे. गाताना त्यानं हेडफोन घातलाच नाही. स्टुडिओच्या काचेतून झिरपून येईल तेवढा आवाज ऐकत तो गायला. म्हणून आवाज वाद्यांच्या अलीकडं-पलीकडं तरंगत राहतो.

आणि खरं सांगायचं तर सुरुवात या ध्वनिमुद्रिकेनं करूच नये. सगळे तिचंच नाव घेतात, म्हणून नवा माणूस तिथंच आपटतो. आमचा क्रम असा: आधी 'क्लिअर स्पॉट' (१९७२), त्यात ठेका सरळ आणि ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. मग 'सेफ अ‍ॅज मिल्क' (१९६७), तिथं ब्लूजची (अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताची) मुळं दिसतात आणि तरुण राय कूडरची गिटारही आहे. त्यानंतर 'डॉक अ‍ॅट द रडार स्टेशन' (१९८०). एवढं पचलं की 'ट्राउट मास्क'कडं वळा, तेही 'मूनलाइट ऑन व्हरमाँट' आणि 'चायना पिग'पासून. १९७४ सालच्या दोन्ही ध्वनिमुद्रिका सोडल्या तरी चालतील. त्या गुळमुळीत आहेत.

प्रश्न : 'ट्राउट मास्क'मधलं हे सगळं ठरवून वाजवलेलं आहे, की हाताला येईल ते? मित्रांत पैज लागली आहे. (कागल)

उत्तर : 'ठरवून' म्हणणाऱ्याला मिसळ द्या. सॅक्सोफोन, क्लॅरिनेटच्या मोकाट फुंकरी सोडल्या तर बाकी जवळजवळ सगळं पाठ केलेलं आहे. व्हॅन व्लीटला पियानो येत नव्हता. तो त्यावर हात मारत बसे आणि जे तुकडे निघत ते ड्रमवादक जॉन फ्रेंच नोटेशनमध्ये उतरवून घेई. मग एक तुकडा या गिटारला, दुसरा त्या गिटारला, तिसरा बासला, असं वाटप होई. लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्स भागातल्या एका घरात सुमारे आठ महिने ही तालीम चालली. म्हणूनच पुढं ग्लेंडेलच्या व्हिटनी स्टुडिओत वीसेक गाण्यांची वाद्यं सुमारे सहा तासांत मुद्रित झाली. हाताला येईल ते वाजवणाऱ्यांना हे जमत नाही. निर्माता होता फ्रँक झप्पा, व्हॅन व्लीटचा शाळेपासूनचा दोस्त.

सगळी रचना आपण साडेआठ तासांत केली असं व्हॅन व्लीट सांगत असे. त्यावर फार विसंबू नका. त्या घरात वादकांची उपासमार आणि मानसिक छळ कसा झाला, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलंय. आणि ज्या फ्रेंचनं हे सगळं कागदावर आणलं, त्याचं नाव १९६९च्या मूळ वेष्टनावर नव्हतंच.

कोल्हापूरच्या कानाला एक खूण देतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतलं गाणं देवल क्लबात ऐकलेल्यांना लयीची वळणं नवी नाहीत. पण तिथं गायक कितीही वाकडा गेला तरी सम एकच असते, तबलजी ती धरून बसलेला असतो. इथं प्रत्येक वाद्याची सम निराळी. सामाईक सम शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. एकाला धरा आणि बाकीचे त्याच्यापासून किती सरकतात ते बघा.

प्रश्न : आमच्या बँडमध्ये दोन गिटार आणि ड्रम. एकानं सात मात्रांचा, दुसऱ्यानं पाच मात्रांचा तुकडा वाजवायचा असं करून बघतोय. तिसऱ्या-चौथ्या फेरीला सगळं एकमेकांत मिसळतं. (इचलकरंजी)

उत्तर : पाचवाला सातात ओढला जात असणार. त्याच्या तुकड्याच्या शेवटी मोकळी मात्रा असेल तर ती हमखास गिळली जाते, कारण समोरचा तेव्हा वाजवत असतो. त्या मोकळ्या जागी त्यानं तोंडानं 'आ' म्हणावं. प्रत्येक तुकड्याची पहिली मात्रा जरा ठासून घ्यावी.

मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) मिनिटाला १०० वर ठेवा, एका टिकेला एक मात्रा. सात आणि पाचाचा लसावि ३५, म्हणजे सातवाला पाच फेऱ्या आणि पाचवाला सात फेऱ्या करून २१ सेकंदांनी एकत्र येतात. सुरुवातीला ड्रमवाल्यानं ठेका धरूच नये. पस्तीस संपून येणाऱ्या पहिल्या मात्रेवर फक्त एक झांज मारावी. दोघं तिथं बरोबर उतरायला लागले की चार मात्रांचा ठेका घाला. आता तिघांचा मेळ १४० मात्रांनी, म्हणजे ८४ सेकंदांनी बसेल. एवढा वेळ टिकलात की मग वेग वाढवा.

दुसरी चूक आवाजाची. दोघांनीही डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणं) लावलं असेल तर काढा. सुरांच्या कडा पुसल्या गेल्या की कोण काय वाजवतंय ते वाजवणाऱ्यालाही कळत नाही. एकानं ब्रिजकडचा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) घ्यावा, दुसऱ्यानं नेककडचा, आणि अ‍ॅम्प खोलीच्या दोन टोकांना.

बीफहार्टच्या गाण्यात लसावि पूर्ण व्हायची वाट सहसा बघत नाहीत. ठरलेल्या जागी सगळे एकदम तोडतात आणि पुढच्या तुकड्यावर उडी घेतात. ती तोडण्याची जागा वेगळी घोटा. बँडची अब्रू तिथंच जाते.

प्रश्न : बीफहार्टच्या 'स्ट्रिक्टली पर्सनल' या ध्वनिमुद्रिकेत सगळा आवाज विमान गेल्यासारखा घोंघावतो. माझी प्रत खराब आहे का? (गडहिंग्लज)

उत्तर : नाही. १९६८ साली निर्माता बॉब क्रासनोनं मिश्रण करताना त्यावर फेझिंग चढवलं. एकाच आवाजाच्या दोन प्रती अगदी किंचित मागंपुढं वाजवल्या की काही कंपनं एकमेकांना खोडतात आणि तो घोंगाट तयार होतो. आपल्याला न विचारता हे केलं, असं व्हॅन व्लीट म्हणे. त्याची 'मिरर मॅन' ही ध्वनिमुद्रिका १९७१ला आली, पण मुद्रण १९६७चं. तिच्यातलं 'कँडी कॉर्न' ऐका आणि 'स्ट्रिक्टली पर्सनल'मधलं ऐका, फरक कळेल.

प्रश्न : मामांच्या संग्रहात 'क्लिअर स्पॉट'ची एलपी सापडली. घर रंकाळ्याजवळ, भिंतीला ओल. तबकडीवर पांढरे ठिपके आलेत. सोबत जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्याही आहेत. सगळ्या एकदम धुतल्या तर चालतील का? (फुलेवाडी)

उत्तर : एकदम मुळीच नको. ठिपके बुरशीचे आहेत. एलपीसाठी तीन भाग डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीच्या दुकानात मिळतं) आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. नळाचं पाणी वापरलंत तर क्षार खाचेत बसून करकर वाढेल. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवा, आडवा नको. मधलं लेबल भिजू देऊ नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून, उभी ठेवून पूर्ण वाळवा. आतलं कागदी पाकीट टाकून द्या, नाहीतर बुरशी आठवडाभरात परत येईल. हे काम गॅलरीत, तोंडाला मास्क लावून करा.

७८च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना स्पिरिटचा थेंबही लावू नका. डिस्टिल्ड वॉटरचा ओलसर कपडा आणि लगेच कोरडा, बस. एलपीची सुई त्यांना चालवू नका. ७८ची खाच रुंद असते. बारीक सुई तळाशी डगमगते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. ७८साठी वेगळी, जाड टोकाची सुई मागवावी लागेल.