गाडी विक, मग बोलू

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू पाठवलेले तीन फोटो पाहिले. पहिल्यात भिंतीवरचा ओलीचा डाग, दुसऱ्यात गाडीच्या दारावर उमटलेला लांबलचक ओरखडा, तिसऱ्यात तू घेऊ म्हणतेस त्या पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचा हॉल. खाली एकच ओळ, "काका, मी वाड्यात राहायला येऊन चूक केली का?" फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि मग आईला विचारतेस. कागद निदान दोनदा वाचशील.

जुन्या नाशकात, दिल्ली दरवाज्यापाशी राहण्यात काय मजा आहे ते मी सांगत बसत नाही. ते तुला कळतं, म्हणून तर कॉलेज रोडचा ब्लॉक सोडून माडीवरच्या दोन खोल्यांत आलीस. मला तुझ्या तीन फोटोंतला मधलाच महत्त्वाचा वाटला. ती गाडी आधी विक.

हसू नकोस. वडिलांनी कौतुकानं दिलीय, मला माहीत आहे. पण मी एकतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचायचं काम केलं, त्यातली बावीस जुन्या नाशकात. तिवंधा, मधली होळी, डिंगरअळी, जुनी तांबट लेन, कानडे मारुती लेन. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. कुठल्या वाड्यात मीटर जिन्याखाली आहे आणि कुठे देवघराच्या कोनाड्याशेजारी, हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल. या गावाचे रस्ते पायाच्या मापानं आखलेले आहेत. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं ओट्यावर पाय टेकवायचा आणि दुसऱ्याला वाट द्यायची, एवढीच इथली वाहतूक. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं म्हणतात. खरंखोटं जाऊ दे, पण पाणी आणि माणूस दोघंही इथे उतारानं गंगेकडेच, म्हणजे आपल्या गोदावरीकडेच जातात. त्या उतारात तू आता चार चाकं घुसवतेस आणि कोणी दार खरवडलं की रडतेस. तो ओरखडा कोणी मुद्दाम काढलेला नाही. भांडीबाजारातून घमेली घेऊन जाणाऱ्या हातगाडीला वळायला जागा नव्हती, बस.

तू म्हणशील, ऑफिस सातपूरला आहे. असू दे की. दिल्ली दरवाज्यावरून निघ, मेनरोडनं शालिमार, तिथून सीबीएसचा बसस्टँड. माझ्या पायांना पंचवीस मिनिटं लागतात, तुझ्या पायांना वीस. पुढे सिटीलिंकची बस. गेल्या महिन्यात तू सांगत होतीस की संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास जातो, शेवटी गाडगे महाराज पुलाकडे लावतेस आणि रात्री दोनदा खिडकीतून बघतेस. म्हणजे चालतेसच, शिवाय पेट्रोल भरून, शिवाय झोप मोडून.

आता माझं ऐक. हे मी फार कोणाला सांगत नाही.

2008 च्या सप्टेंबरात गंगेला मोठा पूर आला. आम्ही तेव्हा सराफ बाजाराच्या मागल्या अंगाला राहायचो. आपल्याकडे पुराचं माप क्युसेकमध्ये कोणी सांगत नाही. गंगापूर धरणातून किती सोडलं ते टीव्हीवाले सांगतात. गावात विचारतात, दुतोंड्याच्या, म्हणजे नदीतल्या त्या मारुतीच्या मूर्तीच्या, कुठे लागलं? पायाला लागलं तर चहा होतो, कमरेला लागलं की भांडीबाजारातली पिंपं माडीवर चढायला लागतात, गळ्याशी आलं की सराफांच्या तिजोऱ्या. त्या दिवशी दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला आणि पाणी आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर आलं. उतरलं तेव्हा चौकात घोटाभर गाळ, आणि त्या गाळाचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. (त्यानंतर मी जिथे जिथे गेलो तिथे लोकांना मीटर वर घ्यायला सांगितलं. बऱ्याच ठिकाणी आज मीटर डोक्याच्या वर दिसतात, त्यात थोडं माझं तोंड आहे.)

पुढच्याच वर्षी आम्ही पाथर्डी फाट्याला गेलो. सगळ्यांना सांगितलं, पुराला कंटाळलो. खोटं. पूर काय, 1969 चा माझ्या वडिलांनी पाहिला होता, ते कुठे गेले नाहीत. खरं कारण म्हणजे मी जुनी मारुती एट हंड्रेड घेतली होती आणि ती लावायला जागा नव्हती. फ्लॅटला पार्किंग होतं. गाडीला घर मिळावं म्हणून मी माणसांचं घर बदललं.

माझी आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. रोज सकाळी तांब्या घेऊन गंगेवर जायची. रस्ता दहा मिनिटांचा, परत यायला तिला दीड तास लागायचा. मला वैताग यायचा, मी म्हणायचो, "एवढा वेळ करतेस काय?" काय करायची तर कासाराच्या सुनेला विचारायची, दहीपुलावर दोन पैशांची फुलं घ्यायची, कोणाच्या ओट्यावर टेकायची, बुधवार असला तर बाजारातनं मेथीची जुडी आणायची. पाथर्डी फाट्याला ती गेटपर्यंत जायची आणि परत यायची. गेटबाहेर चालण्यासारखं काहीच नव्हतं. मी म्हणायचो, "चल, गाडीनं सोडतो गंगेवर." दोनदा सोडलं. रामकुंडापाशी गाडी लावायला जागा मिळेना, मी हॉर्न वाजवत बसलो, ती घाईघाईनं पाण्याला हात लावून परत आली. तिसऱ्यांदा नको म्हणाली. 2014 ला गेली. सामान आवरताना तो तांब्या सापडला, आतून हिरवट डाग पडलेला. एवढा चकचकीत असायचा.

म्हणून सांगतो, गाडी विक.

2015 ला, कुंभमेळ्याच्या वर्षी, आम्ही परत आलो. गावातल्या गाडीवाल्यांची त्या वर्षी काय दशा झाली ती आठवते मला. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद, बॅरिकेड, कोण कुठे अडकलंय ते फोनवर ओरडून सांगतंय. आम्ही चपला घातल्या आणि पहाटे चारला जाऊन सगळं बघून आलो. आता परत सिंहस्थ येतोय. तेव्हा गाडी कुठे ठेवणार आहेस? उत्तर लिहून पाठव, मला खरंच ऐकायचंय.

माझा भाऊ म्हणतो, मी हट्टी आहे. आमचा वाडा पाडून इमारत करायची त्याची इच्छा, खाली पार्किंग, वर फ्लॅट, लिफ्ट. मी सही केलेली नाही. दोन वर्षं तो माझ्याशी बोलत नाही, दिवाळीचा फराळ पुतण्याच्या हाती येतो. लोक म्हणतात, मी अडवून धरलंय. म्हणू देत. मी बायकोला विचारलं होतं, तीही नाही म्हणाली. म्हणजे आधी काही बोलली नाही, मग नाही म्हणाली. तिचे गुडघे दुखतात, जिना अठरा पायऱ्यांचा आहे, ते मलाही दिसतं. भावाच्या बाजूला पावसात तीन बादल्या लावाव्या लागतात, तेही दिसतं. तरीही खाली पार्किंग केलं की जोतं गेलं, जोतं गेलं की ओटा गेला, आणि ओटा गेला की त्या गल्लीत थांबायला कारण उरत नाही. माझी आई ज्या ओट्यांवर टेकायची त्यातले सात मी मोजले होते. आज चार आहेत. बाकी तिघांवर शटर आहे, आत मोटारसायकली.

बरं, तुझ्या भिंतीचं. फोटो नीट बघितला. डाग वरून खाली उतरलाय, तुळई जिथे भिंतीत शिरते तिथून. म्हणजे जमिनीची ओल नाही, पन्हळ तुंबलीय. वर जाऊन बघ, शंभर टक्के पिंपळाचं रोप उगवलेलं असेल. ते नुसतं खुडू नकोस, चार महिन्यांत परत येतं, मुळापासून काढून घे. मग एक स्क्रूड्रायव्हर घे आणि तुळईचं भिंतीजवळचं टोक टोचून बघ. टणक लागलं तर निर्धास्त झोप. लोण्यासारखं आत गेलं तर त्याच दिवशी मालकांना फोन कर आणि खाली टेकू लावल्याशिवाय त्या खोलीत झोपू नकोस. इथे मी जुन्या लाकडाचं प्रेम वगैरे काही मानत नाही. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, त्यातल्या काही खरोखर लागायलाच हव्या असतात. नदीकाठच्या काझीच्या गढीवर घरांखालची माती कशी सुटते ते तू पेपरात वाचतेसच.

आणि मालक म्हणतात तसा सिमेंटचा गिलावा करू देऊ नकोस. ती भिंत चुन्याची आहे, तिला श्वास लागतो. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि दोन वर्षांनी पापुद्र्यासकट अंगावर येते. चुन्यात काम करणारे गवंडी कमी राहिलेत, पण आहेत. माझ्याकडे एकाचा नंबर आहे.

करार नोंदवलास का? लिव्ह अँड लायसन्स तोंडी नको, नोंदवलेलाच हवा. मालक भले आहेत, पण त्यांची तीन मुलं पुण्याला आहेत.

आईला काय सांगायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे, मला कळलाय. तिला वाटतं मुलगी गर्दीत, गोंगाटात, गटारीच्या वासात राहते. खोटं नाही ते. पावसात दहीपुलावर नाला उलटा येतो, गणपतीत डीजेनं माडीच्या काचा थरथरतात, दशक्रियेला आलेली माणसं तुझ्याच दारापुढे चपला काढतात. यातलं काहीही मी गोड करून सांगणार नाही. पण तिला एकदा रंगपंचमीला बोलाव. दिल्ली दरवाज्याची रहाड उघडतात तेव्हा. वर्षभर ज्या रस्त्यावरून ती तुला भेटायला येते, त्याच रस्त्याखाली पेशव्यांच्या काळातला हौद आहे, लाकडं आणि माती टाकून बुजवलेला. पूजा होते, रंग कालवला जातो, आणि मग पोरं एकेक करून धप्पा मारतात, म्हणजे हौदात उडी घेतात. ती कडेला उभी राहू दे. तिच्या पायाखाली काय होतं ते तिला कळू दे. मात्र त्या दिवशी तू गाडी बाहेर काढायला गेलीस तर अख्खी गल्ली तुला भिजवेल, आणि मी त्यांच्या बाजूनं असेन.

फ्लॅट घ्यायचा तर घे. तुझे पैसे, तुझं आयुष्य. पण गाडी लावायला जागा आहे म्हणून घेऊ नकोस. एवढंच. ते मी केलंय, त्यात दुसऱ्यानं नव्यानं करून बघण्यासारखं काही नाही. सहा महिने गाडीशिवाय राहा. त्यानंतरही वाटलं, तर टेम्पो मी ठरवून देतो, सामान उतरवायलाही येतो. पण गाडी ठेवून "मला गावात राहणं जमत नाही" असं मला सांगायला येऊ नकोस. तू अजून इथे राहिलीच नाहीस, नुसती गाडी सांभाळत बसलीयस.

बुधवारी सुट्टी घेता आली तर घे. सकाळी साडेसातला दुतोंड्यापाशी ये, बाजाराला जाऊ. पिशवी आण. चालत ये.

तुझा,
काका

ता. क. पिंपळाचं रोप काढायला स्वतः कौलांवर चढू नकोस. मी येतो, बायकोला सांगू नकोस.